उतारूचे इंग्रजी

वाङ्मयाच्या इतिहासात ज्या पुस्तकांना कधी जागा मिळत नाही, त्यांत 'प्रवाशांसाठी संभाषणे' ह्या जातीची पुस्तके अगदी तळाशी पडतील. पाकशास्त्राच्या पुस्तकांनाही अलीकडे भाव आला आहे. पंचांगाला तर तो नेहमीच होता. पण खिशात मावणारे, दोन भाषांच्या दोन रकान्यांत छापलेले, 'स्टेशनवर', 'डॉक्टरकडे', 'हॉटेलात' असे मथळे मिरवणारे हे चिमुकले पुस्तक प्रवास संपला की रद्दीत जाते. त्यावर टीकालेख कोण लिहिणार? मी लिहिणार आहे. आणि तोही साऱ्या पुस्तकावर नव्हे, त्यातल्या एकाच प्रकरणावर. स्पॅनिश बोलणारा माणूस इंग्रजी मुलखातल्या हॉटेलात उतरतो, तेव्हा त्याच्या तोंडी घालण्यासाठी जी वाक्ये शतकानुशतके रचली गेली, ती मला एक लहानसे नाट्यवाङ्मयच वाटतात. नाट्य म्हटले की पात्रे आली; आणि पात्रे आली की ती जिवंत आहेत की कळसूत्री, हा प्रश्न आला. तेवढा एकच प्रश्न मला येथे विचारावयाचा आहे.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरतो. आपल्याकडे 'हॉटेलात गेलो होतो' म्हटले की ऐकणारा 'काय खाल्लेत?' असे विचारतो. रात्र काढावयाची ती लॉजमध्ये, धर्मशाळेत, नाही तर कुणा आतेभावाच्या घरी. ह्या लेखातले हॉटेल मात्र किल्लीचे, चादरीचे आणि सकाळच्या न्याहारीचे आहे.

गेल्या वर्षी तीन महिने मी माद्रिदला मुलाकडे होतो. तेथे क्वेस्ता दे मोयानो नावाची एक चढण आहे. वनस्पती-उद्यानाच्या कडेने जुन्या पुस्तकांच्या लाकडी टपऱ्यांची रांगच्या रांग तेथे उभी असते. फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर ज्यांनी उन्हातान्हात पुस्तके चाळली आहेत, त्यांना तेथे अगदी माहेरी आल्यासारखे वाटेल. त्या टपऱ्यांवरून मी असली पाचसहा पुस्तके गोळा केली. लेखकाचे नाव बहुतेकांवर नाहीच. पुण्यात संध्याकाळच्या वर्गात शिकलेले माझे स्पॅनिश तेवढ्यापुरते पुरले.

ह्या पुस्तकांत तीन रकाने असतात. पहिल्यात स्पॅनिश वाक्य, दुसऱ्यात इंग्रजी, आणि तिसऱ्यात त्या इंग्रजीचा उच्चार स्पॅनिश अक्षरांत. खरी मौज तिसऱ्या रकान्यात आहे. स्पॅनिशमध्ये 'एच' हे अक्षर लिहितात, पण त्याचा उच्चार करीत नाहीत. 'हॉटेल'ला ते लोक 'ओतेल' म्हणतात. मग इंग्रजी 'ह' दाखवावयाचा कसा? तर 'जे' ह्या अक्षराने, ज्याचा स्पॅनिश उच्चार आपल्या 'ख'ला घशात खरवडल्यासारखा होतो. त्यामुळे खोलीचे भाडे विचारणारे 'हाउ मच' तेथे 'खाउ मच' होऊन बसते. आल्या आल्या खाऊ मागणारा हा उतारू मराठी माणसाला तरी परका वाटू नये.

परका तो नाहीच. शब्दाच्या आरंभी 'स'ला जोडून दुसरे व्यंजन आले की त्याची जीभ अडते आणि आधाराला ती एक 'ए' पुढे करते: 'एस्पून', 'एस्टॉप'. आपल्याकडे 'इस्टेशन' आणि 'इस्कूल' म्हणणारी पिढी काही फार जुनी नाही. 'ब' आणि 'व' त्याच्या कानाला एकच. मात्र एका बाबतीत आपण श्रीमंत आहोत. आपल्या लिपीत पहिली वेलांटी आहे आणि दुसरी आहे. बोलण्यात आपण ती कशीही देत असू, पण फरक असतो एवढे शाळेत छड्या खाऊन आपल्याला ठाऊक झालेले असते. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, आणि 'इ' एकच. त्यामुळे इंग्रजीत बिछान्याची चादर मागताना ती 'ई' आखूड पडली, की तोंडातून भलताच शब्द जातो आणि खोली झाडणारी बाई कानांवर हात ठेवते. दिवाळी अंकात ह्याहून जास्त खुलासा करवत नाही. सर्दी झालेल्या माणसाचीही तीच गत. सर्दी झालेल्याला स्पॅनिशमध्ये 'कोन्स्तिपादो' म्हणतात. तोच शब्द इंग्रजी करून त्याने काउंटरवर सांगितला, तर त्याला बद्धकोष्ठाचे औषध मिळेल.

हे सगळे ठीक आहे. हसण्यासारखे आहे, आणि जिभेचे दोष सवयीने जातात. ह्या पुस्तकांवरचा माझा आक्षेप निराळाच आहे, आणि तो समजण्यासाठी त्यांच्या पूर्वजांकडे जावे लागेल.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोएल द बेर्लेमाँ नावाचा एक भाषाशिक्षक अँटवर्प शहरात होता. व्यापाऱ्यांच्या मुलांना फ्रेंच आणि फ्लेमिश शिकविण्यासाठी त्याने संभाषणांचे एक पुस्तक केले. तो १५३१ साली वारला, पण पुस्तक वाढतच राहिले. शतक संपता संपता ते आठ भाषांचे झाले होते, आणि त्या आठांत स्पॅनिश व इंग्रजी हे दोन्ही रकाने होते. खिशात बसावे म्हणून पुस्तकाचा आकार आडवा आणि आखूड. त्यात सराईतल्या मुक्कामाचे एक प्रकरण आहे. उतारू आजारी आहे, थंडीने कापतो आहे. अंथरूण ऊब देऊन ठेवा, डोक्याला फडके बांधा, पडदे ओढा, अशी त्याची मागणीमागून मागणी चालते. चादरी स्वच्छ आहेत ना, ह्याची चौकशी होते. मोलकरीण सगळे करते. आणि मग हा बहाद्दर, झोप बरी लागावी म्हणून तिच्याकडे एक चुंबन मागतो! ती काय करते? साफ नकार देते. ज्याला असले सुचते तो काही फारसा आजारी नव्हे असा निर्वाळा देते, आणि देवाचे नाव घेऊन झोपा म्हणून सांगते.

भाषा शिकविणाऱ्या पुस्तकात ह्या नकाराची गरज काय होती? व्याकरणाच्या दृष्टीने काहीच नव्हती. पण त्या एका उत्तराने ती मोलकरीण जिवंत झाली. काउंटरच्या पलीकडे माणूस आहे, त्याला स्वतःची इच्छा आहे, आणि तो 'नाही' म्हणू शकतो, हे ह्या पाठातून शिकणाऱ्याला उमगते. १५९९ साली जॉन मिन्शू ह्याने लंडनला स्पॅनिश-इंग्रजी संवाद छापले. त्यांतला चौथा संवाद दोन मित्र, खेचरांमागून चालणारा पोऱ्या आणि सरायवाली बाई ह्यांच्यातला आहे. वाटेवरचे बोलणे, टोमणे, कोट्या. तो इंग्रजांना स्पॅनिश यावे म्हणून लिहिला होता हे खरे. पण पाने दोन्ही भाषांची, तेव्हा उलट्या दिशेनेही चालता येते. तेथेही बोलणारी सगळी माणसे आहेत. कोणी नुसता प्रश्नाला टेकू देण्यासाठी उभा नाही.

आणि मग १६०५ साली सेर्वान्तेसने ह्या साऱ्या प्रकारावर कायमची टीका लिहून ठेवली. 'डॉन किहोते'मधला पहिला मुक्काम आठवून पाहा. ह्या सद्गृहस्थाने आपली सारी भाषा पुस्तकांतून उचललेली. रस्त्यावरच्या सराईला तो किल्ला समजतो, आणि दारात उभ्या असलेल्या दोन बायांशी पोथीतल्या राजकन्यांशी बोलावे तसे बोलतो. त्यांना हसू आवरत नाही. पुस्तकातले वाक्य योग्य जागी, पण चुकीच्या माणसापुढे म्हटले की जे होते ते हेच. परंतु सेर्वान्तेसचा खरा चमत्कार सराईवाला आहे. तो लठ्ठ, शांत, थोडा लबाड माणूस उतारूचे बोलणे दोन क्षण ऐकतो आणि त्याच थाटात त्याला उत्तर देऊ लागतो! पैसे आणले आहेत का, हेही तो त्या थाटातच विचारतो. आणि सरदारांनी पैसे बाळगल्याचे आपण कोठे वाचले नाही, असे किहोते सांगतो तेव्हा त्याला शहाणपणाचे दोन शब्द ऐकवतो. पाहुण्याची भाषा यजमानाने शिकावी, ही गोष्ट हॉटेलच्या धंद्यातल्या एकाही क्रमिक पुस्तकात मला इतकी सुंदर आढळली नाही.

आता ह्यांच्याशेजारी माझ्या टपरीवरच्या पुस्तकांतले 'हॉटेलात' हे प्रकरण ठेवा. खोली पाहिजे. एका रात्रीसाठी. समुद्राच्या बाजूची. न्याहारी धरून का? दिवा लागत नाही. पाणी येत नाही. शेजारच्या खोलीत गोंगाट आहे. किल्ली हरवली. डॉक्टरला बोलवा. ही वाक्ये सलग वरून खाली वाचली तर एखाद्या अभाग्याची करुण कहाणीच तयार होते. पण ही सारी एकट्याची स्वगते आहेत. पलीकडून कोणी बोलत नाही. उतारूने विचारावे आणि जगाने मुकाट्याने किल्ली पुढे करावी, असा सगळा बेत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांनी घोकली आहे त्यांना कोणी कोणाला उद्देशून न म्हटलेल्या वाक्यांची ओळख आहेच. ती वाक्ये निदान हॉटेलात नेऊन वापरावयाची नव्हती! पॅरिसमध्ये युजीन आयोनेस्को अशाच एका स्वयंशिक्षकातून इंग्रजी शिकावयास बसला आणि त्या वाक्यांतल्या पोकळीने असा काही भेदरला की त्यातून १९५० साली एक अख्खे नाटक रंगमंचावर आले. त्याच 'आसिमिल' मालिकेची स्पॅनिश आवृत्ती स्पेनमध्ये घरोघर पोहोचली. तिच्या आरंभीचे शिंप्याच्या श्रीमंतीविषयीचे वाक्य तेथे इंग्रजीची टिंगल करण्याच्या कामी येते.

पलीकडून उत्तर येते, आणि संकट तेथेच सुरू होते. स्पॅनिश माणूस प्रत्येक अक्षर सारख्या वजनाने उच्चारतो, आपणही जवळजवळ तसेच. इंग्रज एका अक्षरावर जोर देतो आणि बाकीची गिळतो. खोली 'थर्टीन' की 'थर्टी' हे त्या जोरावरून ओळखावयाचे. चुकले तर परक्याच्या दाराला किल्ली लावावयाची. त्यातून सुटला तर न्हाणीघरात नळ आहे. नळावर 'सी' हे अक्षर असले की स्पॅनिश मनाला ते 'कालिएन्ते', म्हणजे गरम. इंग्रजाने ते 'कोल्ड'साठी कोरलेले असते. रात्री दहा वाजता दमूनभागून पोहोचलेला पाहुणा 'ब्वेनास नोचेस'चे शब्दशः भाषांतर करून 'गुड नाइट' म्हणतो. स्पॅनिशमध्ये हे आल्यावरही म्हणतात आणि जातानाही. इंग्रजीत फक्त जाताना. कारकुनाला वाटते, हा आला काय आणि निघाला काय! मी चाळलेल्या एकाही पुस्तकाला ह्या गोष्टी सांगाव्याशा वाटल्या नाहीत.

आडनावाचे तर विचारूच नका. स्पॅनिश माणसाला आडनावे दोन: पहिले बापाकडचे, दुसरे आईकडचे. हाक मारावयाची ती पहिल्याने. इंग्रज कारकून शेवटचा शब्द तेवढा आडनाव धरतो आणि वहीत तेथेच शोधतो. आपल्या वडिलांचे नाव मध्ये घालून परदेशी गेलेल्या मराठी माणसाला ह्या गोंधळाची थोडीफार कल्पना असेल. त्यातून तिकडे लग्नानंतर बायका आडनाव बदलीत नाहीत. नवरा-बायको एका खोलीसाठी चार आडनावे घेऊन काउंटरपाशी उभे राहतात.

माझ्या मुलाच्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहतात. त्यांच्या पिढीला शाळेत परकी भाषा म्हणून फ्रेंच शिकवीत. इंग्रजीचा गंध नव्हता. त्यांची मुलगी इंग्लंडमध्ये असते. घर लहान, तेव्हा आईने जवळच्या हॉटेलात उतरावे असे ठरले. खोली जावयाने ठरवायची, सामान जावयाने उचलायचे, आणि काउंटरवर बोलायचे तेही जावयानेच. बाईंना बाकी सगळे चालणार होते, हे शेवटचे नको होते. मला म्हणाल्या, "हे पाहा, मी चाळीस वर्षे दुकान चालवले. गिऱ्हाइकाशी, पोलिसाशी, बँकेशी मी स्वतः बोलले. आता माझ्या खोलीची किल्ली माझ्या वतीने दुसऱ्याने मागावी?" त्यासाठी त्या वर्षभर इंग्रजी घोकत होत्या. ह्या पुस्तकांचा खरा वाचक कोण आणि त्याला त्यांतून काय हवे असते, हे त्या दिवशी मला कळले. पुस्तके समजतात की त्याला उशी हवी आहे.

त्यांच्याबरोबर बसून मी किल्ली मागण्याचा पाठ वाचला, आणि भाषेतला एक बारीक पेच ध्यानात आला. स्पॅनिशमध्ये परक्या माणसाला 'उस्तेद' म्हणतात, आपल्या 'तुम्ही'सारखे. 'मे दा ला यावे?' म्हणजे 'किल्ली देता का?' आदर क्रियापदातच आहे. वर आणखी काही लावण्याची गरज नाही. आपणही वडीलधाऱ्यांना 'बसा' एवढेच म्हणतो. त्या काना-मात्रेत सगळी अदब येते. इंग्रजीने 'तू' आणि 'तुम्ही' मधला भेद केव्हाच टाकून दिला. म्हणून तेथे आदर वाक्याच्या बाहेर, 'वुड', 'कुड' आणि 'प्लीज' ह्यांच्या पायघड्यांवर अंथरावा लागतो. स्पॅनिश माणूस आपले अदबशीर वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत नेतो, तेव्हा वाटेत अदब गळून पडते आणि नुसती आज्ञा उरते. कारकुनाच्या कपाळाला आठी पडते. उतारूला वाटते, मी तर नीट बोललो, हाच माझा अपमान करतो आहे. उलट कारकून 'आय ॲम अफ्रेड' अशी सुरुवात करून खोली नसल्याचे सांगतो, तेव्हा ह्याला प्रश्न पडतो की त्यात भिण्यासारखे काय आहे? दोन सभ्य माणसे एकमेकांना उद्धट समजून निघून जातात. ही गोष्ट प्रत्येक पुस्तकाने पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत सांगावयास हवी. माझ्याजवळच्या पुस्तकांत 'प्लीज' आहे. ते का आहे, हे कोठेही नाही.

बाई जाऊन आल्या. अपेक्षेप्रमाणे वहीत त्यांचे नाव सापडेना. ते दुसऱ्या आडनावाखाली होते. काउंटरवरची मुलगी तेच वाक्य आणखी आणखी मोठ्याने सांगू लागली. तेव्हा बाईंनी तिला इंग्रजीत सांगितले, की हळू बोल, मोठ्याने नको. मी बहिरी नाही, स्पॅनिश आहे. ती मुलगी ओशाळली, मग हसली, आणि वही उलटी फिरवून तिने बाईंपुढे ठेवली. जावई सामान घेऊन मागे उभा होता. हे वाक्य कोणत्या पुस्तकातले, असे मी विचारले तर बाई म्हणाल्या, "विमानात बसल्या बसल्या जुळवलं."

ह्या विषयावरची अलीकडची सर्वांत सरस कृती पुस्तक नाहीच, दूरचित्रवाणीवरची मालिका आहे. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ ह्यांनी लिहिलेली 'फॉल्टी टॉवर्स'. १९७५ आणि १९७९ अशा दोन खेपांत बीबीसीवर तिचे अवघे बारा भाग झाले. टॉर्की गावचे एक हॉटेल, त्याचा तिरसट मालक, आणि बार्सिलोनाहून आलेला मॅन्युएल नावाचा वेटर. येथे उलटापालट अशी, की हॉटेलात इंग्रजी शिकणारा स्पॅनिश माणूस पाहुणा नसून नोकर आहे. मालक आपल्याला अभिजात स्पॅनिश येते अशी फुशारकी मारतो. ते स्पॅनिश मॅन्युएलला कळत नाही. मालक त्याला हातातल्या वस्तूने बडवतो, हे मला आवडत नाही आणि आवडून घेण्याची इच्छाही नाही. पण येथे प्रश्नाला उत्तर येते, उत्तर हुकते, आणि हुकलेल्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो. बेर्लेमाँच्या मोलकरणीनंतर काउंटरपाशी जिवंत माणसे मला येथेच पुन्हा भेटली.

एका भागात मॅन्युएल काउंटरखाली वाकून साफसफाई करता करता पुस्तकातून शिकलेल्या इंग्रजीचा सराव करतो आहे. काउंटरवर भिंतीला टांगण्यासाठी आणलेले एका प्रचंड मूसचे पेंढा भरलेले मुंडके ठेवलेले. हॉटेलात कायम राहणारा म्हातारा मेजर तेथे येतो. त्याला बोलणारा दिसत नाही, बोलणे तेवढे ऐकू येते. आणि मुंडके इंग्रजी बोलते म्हणून तो थक्क होतो. साऱ्या मालिकेत मॅन्युएलच्या इंग्रजीला एवढी दाद कोणी दिलेली नाही. तो दिसत नव्हता, म्हणूनच ती मिळाली. हा प्रसंग हसता हसता जितका सांगून जातो, तितके गंभीर चेहऱ्याचे ग्रंथही सांगत नाहीत. ही भूमिका करणारा अँड्र्यू सॅक्स १९३० साली बर्लिनमध्ये जन्मला आणि १९३८ मध्ये आईवडिलांबरोबर परागंदा होऊन इंग्लंडला आला. परक्या भाषेपुढे उभे राहणे त्याला नकलेपुरते ठाऊक नव्हते.

मालिका स्पेनमध्ये गेली तेव्हा काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. स्पॅनिश आवाज देताना मॅन्युएलचा पाओलो केला, आणि त्याला इटलीचा रहिवासी ठरवले. मग तिचा कातालान भाषेत अवतार झाला. कातालान ही बार्सिलोनाची भाषा, मॅन्युएलच्या गावची. तेथे तरी त्याला घरी येता येईल असे वाटले होते. पण त्या आवृत्तीने त्याला पार मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांतात नेऊन सोडले, आणि बार्सिलोनाच्या घरोघरी बार्सिलोनाचा हा पोर मेक्सिकन म्हणून पोहोचला.